‘भयंकर’ शब्दाची झीज

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दुखणे घेऊन आलेल्याला आम्ही एक साधा प्रश्न विचारतो. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढे जास्तीत जास्त दुखणे. मग तुमचे किती? कुणाचा गुडघा धरलेला असतो, कुणाचा पाय मुरगळलेला असतो, कुणाच्या मानेत उसण भरलेली असते. उत्तर बहुतेकांचे एकच येते : ‘दहा’. ‘दहाच्या वर असेल तर तेही लिहा,’ असे सुचवणारेही भेटतात. आकडा राहू द्या, शब्दांत सांगा म्हटले तर ‘भयंकर’, ‘प्रचंड’, ‘बेक्कार’, ‘मरणाचं’ या चार शब्दांपुढे गाडी सहसा जात नाही.

यात कुणी खोटे बोलत नसते. ज्याचे दुखते त्याला ते दुखतेच. पण मोजपट्टीच्या शेवटच्या खुणेवर सगळेच जाऊन उभे राहिले तर त्या मोजपट्टीने काही मोजता येत नाही. रांगेतल्या पन्नास जणांत ज्याला खरोखर आत्ताच्या आत्ता बघायला हवे, तो त्याच शब्दांच्या गर्दीत दडून जातो.

बोलताना वाढवून सांगणे हा माणसाचा स्वभावच आहे आणि त्यात गैर काही नाही. सिनेमा ‘भयंकर आवडतो’, मिसळ ‘खतरनाक’ असते, लग्नाला ‘अख्खा जिल्हा लोटलेला’ असतो, बसची वाट बघून ‘म्हातारपण आलेले’ असते. आपल्याकडे अतिशयोक्तीला अलंकाराचा मान आहे. तो शाळेत उदाहरणांसह शिकवला जातो. गप्पांना तिच्याशिवाय चव नाही. मात्र वापराने शब्द झिजतात. ‘भयंकर’ म्हणजे मुळात भय उत्पन्न करणारे. ‘प्रचंड’ म्हणजे उग्र. आज दोन्हींचा अर्थ ‘खूप’ एवढाच उरला आहे. इंग्रजीतल्या ‘टेरिबली’ आणि ‘ऑफुली’ या शब्दांचेही हेच झाले. त्यांतली दहशत आणि दरारा कधीच निघून गेला. चलनवाढीत जसे जुन्या नोटेला पूर्वीइतके सामान मिळत नाही, तसे जुन्या विशेषणाला पूर्वीइतके लक्ष मिळत नाही. मग ‘छान’च्या जागी ‘मस्त’, त्याच्या जागी ‘भारी’, ‘लय भारी’, ‘भन्नाट’ आणि ‘कडक’ अशी चढाओढ सुरू होते.

मिसळीच्या बाबतीत यातून कुणाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते जिथे पुढची कृती ‘किती’ या प्रश्नावर अवलंबून असते तिथे. आरोग्य हे त्यातले पहिले क्षेत्र. रुग्णाला घरी सोडायचे की दाखल करायचे, गोळीवर भागेल की शस्त्रक्रिया लागेल, उद्या बोलवायचे की स्ट्रेचरवरून थेट तपासणीला न्यायचे, हे सगळे निर्णय कमी-जास्त ओळखण्यावर चालतात.

विशेषणाला माप

विज्ञानाने या अडचणीवर जुना आणि सोपा तोडगा काढला आहे. विशेषण वापरायचेच तर त्याला माप जोडायचे. हवामान विभागाच्या इशाऱ्यात ‘मुसळधार’, ‘अति मुसळधार’ आणि ‘अत्यंत मुसळधार’ असे तीन शब्द येतात. ते इशारा लिहिणाऱ्याच्या मर्जीवर नसतात. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पडला तर मुसळधार, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर असेल तर अति मुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तो पाऊस किती होता हे सांगायला त्या आकड्याला कुठल्याच विशेषणाची गरज पडत नाही. ढगफुटीलाही व्याख्या आहे : छोट्या परिसरात तासाभरात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. दर पावसाळ्यात जोराच्या प्रत्येक सरीला ‘ढगफुटीसदृश’ म्हणत राहिलो, तर खऱ्या इशाऱ्याच्या दिवशी लोक छत्री घेऊन कामावर निघतील.

वैद्यकातही तापाला थर्मामीटर आहे, रक्तदाबाला यंत्र आहे, रक्तातल्या साखरेला पट्टी आहे. ‘अंगात प्रचंड ताप आहे’ या वाक्याची शहानिशा मिनिटाभरात होते. वेदनेला मात्र असे यंत्र नाही. ती फक्त रुग्णाच्या शब्दांतून डॉक्टरांपर्यंत पोहोचते. म्हणूनच रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात वेदनेची एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात वेदनेचे वर्णन करणारे ७८ शब्द २० गटांत मांडलेले आहेत. वेदना किती आहे याच्या इतकेच ती कशी आहे हे महत्त्वाचे, हा त्यामागचा विचार. जगभरातल्या वेदनातज्ज्ञांनी पुढे ती वापरली.

मराठी बोलणाऱ्याला अशी यादी आयती मिळालेली आहे. गळू किंवा किडलेली दाढ ‘ठणकते’. पायात मोडलेला काटा ‘सलतो’, त्याभोवती पू धरला की ‘ठुसठुसते’. मूतखड्याची ‘कळ’ लाटेसारखी येते, माणसाला एका जागी बसू देत नाही आणि ओसरते. आमांश झाला की पोटात ‘मुरडा’ येतो. कमरेतून पायात ‘सणक’ जाते तेव्हा दबलेल्या शिरेचा विचार करावा लागतो. मधुमेहात तळपायांची ‘आग’ होते, ‘मुंग्या’ येतात. आम्लपित्तात छातीत ‘जळजळते’. हृदयाकडे रक्त कमी जाऊ लागले की छातीत ‘दडपण’ येते, कुणाला ती ‘आवळल्यासारखी’ वाटते, कुणाला छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटते. रात्री पोटऱ्यांत ‘गोळे’ येतात, ताप भरण्यापूर्वी ‘कणकण’ जाणवते, ‘अंग मोडून येते’.

या शब्दांनी निदान पक्के होत नाही; त्याला तपासणी लागतेच. पण तपासणी कुठून सुरू करायची, याची दिशा ते दाखवतात. खेड्यातून आलेली आजी ‘बरगडीखाली चमक निघते, श्वास घेतला की जास्त’ असे सांगते तेव्हा तिने अर्धे काम करून दिलेले असते. शिकलासवरलेला तरुण ‘डॉक्टर, नुसतं हॉरिबल पेन आहे’ असे म्हणतो तेव्हा सगळे प्रश्न पहिल्यापासून विचारावे लागतात. ‘भयंकर’ आणि ‘प्रचंड’ या शब्दांनी आपल्या बोलण्यातून हे नेमके शब्द हळूहळू हुसकावले आहेत. माझ्या मते अतिशयोक्तीचे खरे नुकसान हेच आहे.

जीव वाचवणारे एक टोकाचे वाक्य

टोकाचे विशेषण वैद्यकाला वर्ज्य आहे असेही नाही. पाठ्यपुस्तकात शिकवले जाणारे एक वाक्य तर तसेच आहे : ‘आयुष्यातली सर्वात भयंकर डोकेदुखी.’ मेंदूच्या आवरणाखाली एखादी रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव झाला, की काही रुग्ण नेमके हेच शब्द वापरतात. ही डोकेदुखी हळूहळू वाढत नाही. वीज कोसळावी तशी अचानक येते आणि सेकंदांत, फार तर मिनिटाभरात टोक गाठते. सोबत उलटी, मान आखडणे, क्षणभर शुद्ध हरपणे असे काही असू शकते. अशा रुग्णाचा सीटी स्कॅन पहिल्या काही तासांत झाला तर रक्तस्राव सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते. नंतर ती कमी होत जाते आणि मधल्या काळात ती वाहिनी पुन्हा फुटण्याचा धोका असतोच.

आता हे वाक्य रोज कितीदा उच्चारले जाते ते पाहा. ऑफिसातल्या कामाने ‘डोकं फुटायची वेळ येते’, शेजारच्या लाउडस्पीकरने ‘मेंदूचा भुगा होतो’, अर्धशिशीचा जुना त्रास दर महिन्याला ‘आयुष्यातला सर्वात वाईट’ असतो. लांडगा आला रे आला ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. खरा लांडगा आला त्या दिवशी धावून जाणारे कोणी उरले नव्हते. डॉक्टरांनी प्रत्येक वेळी धावायलाच हवे, ते आमचे कामच आहे. तरी रुग्णाने आणि घरच्यांनी एक तपशील आवर्जून सांगावा : दुखणे सुरू झाल्यापासून टोकाला पोहोचायला किती वेळ लागला? ‘दुपारपासून वाढत गेलं’ आणि ‘भांडं विसळताना एकदम घाव बसल्यासारखं झालं’ या दोन वाक्यांत पडणारा फरक ‘भयंकर’ हा शब्द कितीही वेळा म्हटला तरी कळत नाही.

लोक वाढवून का सांगतात, याचे उत्तर मात्र आम्हा डॉक्टरांना आणि आरोग्ययंत्रणेला झोंबणारे आहे. साधे सांगितले तर ऐकले जात नाही, हा त्यांचा अनुभव आहे. ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात २०१७ साली अनेक देशांतील प्राथमिक सेवेच्या डॉक्टरांनी रुग्णाला दिलेल्या वेळेचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात भारतातील वेळ सुमारे २ मिनिटे होती, स्वीडनमध्ये ती २२ मिनिटांहून अधिक होती. दोन मिनिटांत आपले गाऱ्हाणे मांडायचे असेल तर माणूस मोठ्यात मोठा शब्दच उचलणार. रुग्णाला ‘उगाच कांगावा करतो’ म्हणण्याआधी या दोन मिनिटांचा हिशेब व्हायला हवा.

याच रांगेत उलट स्वभावाची माणसेही असतात आणि त्यांची काळजी जास्त वाटते. ‘काही नाही, जरा गॅस झालाय.’ ‘थोडा दम लागतो, वयामुळे असेल.’ ‘हिनेच आणलं, नाहीतर मी येत नव्हतो.’ आयुष्यभर शेतात राबलेला माणूस किंवा घरातल्या सगळ्यांचे झाल्यावर स्वतःकडे बघणारी बाई आपले दुखणे कमी करूनच सांगते. मधुमेहींमध्ये, वृद्धांमध्ये आणि बऱ्याच स्त्रियांमध्ये हृदयविकाराचा झटका छातीत कळ न येताही येऊ शकतो. नुसता घाम, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणे, एकाएकी आलेला थकवा एवढीच लक्षणे असतात. भोवती सगळे ‘दहा’ म्हणत असताना ‘तीन-चार असेल’ म्हणणारी ही व्यक्ती रांगेत मागे पडते. एकाच्या अतिशयोक्तीची किंमत दुसराच कुणीतरी मोजतो, ती अशी.

दोन्ही प्रकारच्या लोकांसाठी उपाय एकच : विशेषण सोडून रोजच्या कामाच्या भाषेत बोलणे. ‘खूप दम लागतो’ यापेक्षा ‘गेल्या महिन्यात दोन जिने चढत होतो, आता पहिल्याच मजल्यावर थांबतो’. ‘गुडघा भयंकर दुखतो’ यापेक्षा ‘खाली बसले तर धरल्याशिवाय उठता येत नाही’. ‘झोपच नाही’ यापेक्षा ‘रात्री दोनदा उठून खिडकीशी बसावं लागतं, आडवं झालं की श्वास कोंडतो’. हे शेवटचे वाक्य ऐकले, की आम्ही हृदय आणि फुप्फुसे तपासायला घेतो.

मनाच्या आजारांची नावे

शरीराच्या दुखण्यांपेक्षा मनाच्या आजारांची नावे आणखी सैल वापरली जातात. मॅच हरली की ‘डिप्रेशन’ येते, कपाट नीट लावणाऱ्याला ‘ओसीडी’ असतो, परीक्षेच्या आदल्या दिवशी ‘पॅनिक अटॅक’ येतो, साहेबांच्या बोलण्याचा ‘ट्रॉमा’ होतो. या नावांना वैद्यकात निश्चित अर्थ आहेत. नैराश्य म्हणायचे तर उदासी किंवा कशातच रस न वाटणे किमान दोन आठवडे, जवळपास रोज आणि दिवसाचा बराचसा वेळ असावे लागते. सोबत झोप, भूक, एकाग्रता यांत बिघाड झालेला असतो. मंत्रचळाच्या आजारात, म्हणजे ओसीडीत, माणूस कातडी सोलवटेपर्यंत हात धूत राहतो आणि आपण हे थांबवू शकत नाही या जाणिवेने आतून झिजत असतो.

मनाच्या आजारांविषयी लोक उघड बोलू लागले, ही गेल्या काही वर्षांतली चांगली गोष्ट आहे. पण कपाट आवरणे आणि हा आजार यांना एकच नाव मिळाले, तर आजाराशी झगडणाऱ्याला ‘हे काय, मलाही होतं’ असे ऐकावे लागते. ‘जीव नकोसा झालाय’ हे वाक्यही आपण ट्रॅफिकपासून उन्हाळ्यापर्यंत कशासाठीही वापरतो. जवळची व्यक्ती ते वारंवार बोलत असेल, गप्प-गप्प राहत असेल, आवडीच्या वस्तू वाटून टाकत असेल, तर ती बोलण्याची पद्धत आहे असे धरून चालू नये. सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो, हा गैरसमज आहे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.

बातम्यांतले चमत्कार

रुग्ण हे सगळे शब्द एकटा शोधून काढत नाही. ते त्याच्या कानावर सतत आदळत असतात आणि त्यात विज्ञानाची माणसेही मागे नाहीत. नेदरलँड्समधील संशोधकांनी १९७४ ते २०१४ या काळातल्या वैद्यकीय शोधनिबंधांचे सारांश तपासले. ‘अभिनव’, ‘अभूतपूर्व’, ‘भक्कम’ अशा अर्थाचे २५ गौरवशब्द त्यांनी मोजले. सुरुवातीच्या वर्षांत असा शब्द २ टक्के सारांशांत होता. २०१४ मध्ये तो १७.५ टक्क्यांत सापडला. निष्कर्ष २०१५ साली ‘बीएमजे’त आले. चाळीस वर्षांत संशोधन त्याच पटीने अभिनव झाले, असे कुणी म्हणणार नाही.

पुढचा टप्पा बातमीचा. अमेरिकेतील दोन संशोधकांनी कर्करोगाच्या औषधांविषयीच्या ९४ बातम्या तपासल्या. ‘चमत्कार’, ‘क्रांतिकारी’, ‘गेम चेंजर’, ‘ब्रेकथ्रू’ असे दहा शब्द कुठल्या औषधांना लावले जातात, हे त्यांना पाहायचे होते. अशी ३६ औषधे निघाली. त्यातल्या निम्म्या औषधांना अजून एकाही आजारासाठी मान्यता मिळालेली नव्हती आणि पाच औषधे माणसांवर तपासल्याची माहितीच उपलब्ध नव्हती. कर्करोगाच्या रुग्णाचा मुलगा अशा बातमीचे कात्रण किंवा मोबाइलवरचा फोटो घेऊन येतो आणि विचारतो, ‘हे आपल्याकडे कधी मिळेल?’ तो प्रयोग उंदरांवरचा होता हे सांगताना समोरचा चेहरा कसा होतो, ते बातमीला मथळा देणाऱ्याला दिसत नाही.

महाराष्ट्राने याची मोठी किंमत एप्रिल २०२१ मध्ये मोजली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत रेमडेसिव्हिर हे इंजेक्शन म्हणजे जणू रामबाण, अशी समजूत पसरली. औषध दुकानांबाहेर रांगा लागल्या, काळाबाजार झाला, लोकांनी दागिने गहाण टाकले. या औषधाविषयीची माहिती त्याआधीच उपलब्ध होती. एका मोठ्या चाचणीत त्याने बरे होण्याचा काळ सरासरी १५ दिवसांवरून १० दिवसांवर आणला होता. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीत रुग्णालयातल्या रुग्णांच्या मृत्यूंवर त्याचा फारसा परिणाम दिसला नव्हता आणि हे ऑक्टोबर २०२० मध्येच जाहीर झाले होते. त्याच साथीत डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडची चाचणी ब्रिटनमध्ये झाली. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे ४१ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आले, ऑक्सिजनवरच्यांमधले २६ वरून २३ टक्क्यांवर. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही. कोणाला, किती आणि कोणाला नाही, हे सगळे सांगितले की औषधाची खरी ओळख होते. ‘रामबाण’ या एका शब्दात यातले काहीच मावत नाही.

आकडाही अतिशयोक्ती करू शकतो. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये इशारा निघाला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका ‘दुप्पट’ होतो. हे खरे होते. पण हा धोका सुमारे ७,००० स्त्रियांत एकीऐवजी दोघींना, एवढाच होता. ‘दुप्पट’ ऐकून असंख्य स्त्रियांनी गोळ्या एकाएकी बंद केल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जादा झाल्याचा अंदाज आहे. ‘धोका निम्म्यावर’, ‘शक्यता तिप्पट’ असे मथळे वाचताना आधी मुळात किती होते, हे विचारायचे ते यासाठी.

डॉक्टरांची भाषाही या आरोपातून सुटत नाही. ‘अर्धा तास उशीर झाला असता तर हातात काही उरलं नसतं’ हे वाक्य कधी खरे असते. कधी मात्र ते रुग्णाला घाबरवून पुढची तपासणी गळी उतरवण्यासाठी किंवा स्वतःचे महत्त्व वाढवण्यासाठी वापरले जाते. ‘तुमच्या छातीत टाइम बॉम्ब आहे’ असे ऐकलेला माणूस विचार करून संमती देऊ शकत नाही. तो फक्त सही करतो. जाहिरातींचे तर विचारायलाच नको. मधुमेह, कर्करोग, अपस्मार अशा आजारांवर हमखास इलाजाचा दावा करणाऱ्या जाहिरातींना आपल्याकडे १९५४ च्या औषधे आणि जादूई उपचार कायद्याने बंदी आहे. तरी ‘शंभर टक्के गुण, साइड इफेक्ट शून्य’ हे फलक शहरांच्या भिंतींवरून आणि आता मोबाइलच्या पडद्यावरून हटलेले नाहीत.

मान कमावलेले विशेषण

मग ‘सर्वात मोठा’ हा शब्द वैद्यकाने कधी वापरूच नये का? वापरावा, पण त्याची कमाई दाखवावी. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याच्या सोड्याचे मिश्रण पाण्यात कालवून रुग्णांना प्यायला द्यायचे ठरवले. पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांनी केले. ३० टक्क्यांच्या घरातले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. साखरेबरोबर क्षार आतड्यातून शोषले जातात, हे या उपचारामागचे शास्त्र. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने संपादकीयात त्या शोधाला शतकातली कदाचित सर्वात महत्त्वाची वैद्यकीय प्रगती ठरवले. एरवी तोलूनमापून लिहिणाऱ्या नियतकालिकाने ‘सर्वात’ लिहिले आणि तरीही आधी ‘कदाचित’ जोडले. आज ही पुडी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. ती नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढे पुरते. तिला कुणी चमत्कार म्हणत नाही. बहुधा म्हणूनच जुलाब झालेल्या बाळाची आई पुडी बाजूला ठेवून ‘पॉवरफुल इंजेक्शन द्या’ म्हणते.

गप्पांतली अतिशयोक्ती बंद करा असे सांगण्यासाठी हा लेख नाही. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, क्रिकेट बघताना ती खुशाल असू द्या. दवाखान्याचा उंबरा ओलांडताना मात्र विशेषणे थोडी बाहेर ठेवावीत. चार गोष्टी मनाशी जुळवून याव्यात : दुखणे नेमके कुठे आणि कसे आहे, कधी आणि किती वेगाने सुरू झाले, कशाने वाढते वा कमी होते आणि त्यामुळे रोजचे कोणते काम अडले आहे. आरोग्याची बातमी वाचताना तीन प्रश्न विचारावेत : प्रयोग कोणावर झाला, कशाच्या तुलनेत फायदा झाला आणि शंभरातल्या किती जणांना झाला. या तिन्हींची उत्तरे बातमीत नसतील, तर ‘चमत्कारी’ शब्द वगळून ती पुन्हा वाचावी आणि काय उरते ते बघावे.

आमच्या बाजूने आम्हीही काही देणे लागतो. रुग्ण बोलायला लागला की त्याला मध्ये न तोडता मिनिटभर ऐकणे हे त्यातले पहिले. ऐकले जाते आहे अशी खात्री पटली की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो आणि ‘दहा’ म्हणणारा थोडे थांबून म्हणतो, ‘तसं बघितलं तर सहा असेल, पण रात्री वाढतं.’ उपचाराला खरी सुरुवात त्या उत्तरापासून करता येते.